सालईची राळ

प्रिय पुनम,

तू फोन उचलत नाईस, मेसेज वाचत नाईस, म्हणून हे पत्र. आरमोरीच्या पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईनं मले असं पाह्यलं, जशी मी बैलबंडीचं रिझर्वेशन मागून राह्यली. रागानं वाच, चालते. पण अर्ध्यात सोडू नको.

आधी गाडीचं सांगते. गाडीपासून सुरू नाई केलं तर मले जमणारच नाई. तुझी निळी गाडी सध्या आमच्या दुकानात उभी हाये. तीच, जी तू नोकरी लागल्याबरोबर सेकंडहँड घेऊन तुझ्या आईले, आमच्या काकूले, दिली होती, कॅन्सरच्या दवाखान्यात नागपूरले एसटीनं धक्के खात जावं लागू नये म्हणून. अब्बाच्या डेंटिंग-पेंटिंगच्या बोर्डावर आता माझंही नाव हाये. तरी लोकं मले पाहून विचारतातच, "बाई, मालक कुठी गेले?" मी म्हणते, मालकच बोलून राह्यली, काय ठोकून आणलं ते दाखवा.

तुझे बाबा म्हातारपणी गाडी शिकले, खळ्यावर गोल-गोल फिरवून. मी एकदा आली होती तेव्हा पाह्यलं. काकू मागं बसून ओरडत होत्या, "अवो, बंडी नाई ते, ब्रेक दाबा!" अन् काकाजी घाबरून "हो, हो" म्हणत होते, गाडीले का काकूले कोण जाणे. काकू गेल्यावर त्याईनं गाडी अंगणातल्या सालईच्या झाडाखाली लावली अन् पुन्हा हात लावला नाई. मागच्या सीटवर काकूची शाल तशीच होती म्हणे. दार उघडवत नव्हतं.

उन्हाळ्यात सालईची एक फांदी वाऱ्यानं टपावर घासू लागली. ओरखडे पडतील म्हणून काकाजीनं फांदी छाटली. गाडी सरकवली असती तर काम झालं असतं, पण सरकवायले दार उघडा लागते ना. मग छाटलेल्या जागेतून राळ गळत राह्यली. टप, बॉनेट, काच, सगळीकडे पिवळे थेंब, उन्हानं चिकटलेले, वर धूळ. अन् काकूच्या वरसीले तू येणार होतीस, जाताना गाडी पुण्याले नेणार होतीस. तेव्हा काकाजीले गाडी दिसली. म्हणजे खरंच दिसली.

सायकल हाणत दुकानात आले. खिशातून पळसाच्या पानात गुंडाळलेला राळेचा खडा काढला अन् म्हणाले, "मुश्ताकभाऊ, हे काढाचं कसं? पोरगी येऊन राह्यली. विळ्यानं खरवडू का?" अब्बा उभेच झाले. "विळ्यानं? नथ्थूभाऊ, गाडी हाय का धान?"

मग अब्बानं खडा नाकाले लावला, पाण्यात टाकून पाह्यला अन् त्याईले खुर्चीवर बसवून समजावलं. मी तिथीच एका दाराले पुट्टी भरत होती. अब्बा म्हणाले, धावड्याचा डिंक असता तर ओल्या फडक्यानंच फुगून सुटला असता, पण ही राळ हाय, हिले पाणी नाई समजत, स्पिरिट समजते. पत्रा थंड झाला की सावलीत करा. पहिले पाणी मारून धूळ काढा, नाईतर धूळच रंग घासते. मऊ फडकं स्पिरिटात भिजवा, डागावर नुसतं ठेवा, घासू नका. राळ नरम झाली का उचलून घ्या. आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात लावून पाहा, फडक्यावर निळा रंग आला तर हात आवरा. शेवटी शाम्पूनं धुवा, मेण लावा. काकाजी मान डोलवत राह्यले. मग म्हणाले, "गावात मेडिकल नाई. स्पिरिट कुठी भेटन?" अन् अब्बानं, जे मयतीतही एखादा जोक मारतात, म्हटलं, "नाई भेटली त पहिल्या धारेची लावा! सालई बी झिंगन अन् आपणच उतरन खाली."

मी हसली. अब्बा हसले. काकाजी हसले नाईत. पुनम, तुझ्या बापाले जोक समजत नाई, हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाले माहीत?

आता तुले समजलं असन मी कुठी चालली ते. थांब. वाच.

तू वरसीच्या आदल्या दिवशी, न सांगता, दुपारची आलीस. अंगणात बाप गाडीच्या चाकाले टेकून खाली बसलेला. बाजूले बाटली. तोंडाले दुपट्टा. डोळे लाल. अंगणभर मोहाच्या दारूचा वास. त्याच ऑटोनं तू परत फिरलीस अन् आरमोरीच्या बसस्टँडवरून मले फोन केलास. एवढंच म्हणत होतीस, "अंजू, आईची शपथ मोडली त्यानं. आईची शपथ." अन् जाताना त्याईले काय बोलून आलीस तेही सांगितलंस. "आईच्या जागी तुम्हीच जायले पायजे होते." ते मी पुन्हा लिहीत नाई, लिहिलं तेवढंच बस.

काकाजीनं वरसी एकट्यानं केली. नंतर धक्का मारून सुरू केलेली गाडी घेऊन दुकानात आले, स्वतः चालवत, पहिल्या गिअरात. बॉनेटवरची राळ अर्धी निघाली होती, अर्धी पसरली होती, अन् जिथं निघाली तिथं रंगावर गोल-गोल रेघा, जशा भांड्यावर राखेनं पडतात. अब्बानं विचारलं, कायनं पुसलं? काकाजी म्हणाले, "तुम्ही सांगतली ना, पहिल्या धारेची." अब्बा आधी हसले. मग काकाजीच्या तोंडाकडं पाह्यलं अन् त्याईचं हसू तसंच राह्यलं, पुसता नाई आलं.

ज्या माणसानं काकूले शपथ दिल्यापासून दारू गाळणाऱ्या लटारूच्या घरासमोरून जायचं सोडलं होतं, बाजाराले जातानाही मागच्या पांदीनं जायचा, तो माणूस आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात, भर दिवसा लटारूच्या दारात उभा राह्यला अन् म्हणाला, एक बाटली दे, गाडीसाठी. लटारू हसून-हसून खाली बसला म्हणे. "भाऊ, गाडी आता मोहावर चालते का?" पुसताना वास नाकात जाऊ नये म्हणून काकाजीनं दुपट्टा बांधला. तू समजलीस, तोंडाचा वास लपवून राह्यले. डोळे काऊन लाल होते ते मी विचारलं नाई. सीटवरची शाल घडी करून बाजूले ठेवली होती, एवढं त्याईनं सांगितलं. म्हणजे दार उघडलं होतं त्या दिवशी.

मी भांडली त्याईच्याशी. म्हटलं, काकाजी, तिले तिथंच काऊन नाई सांगितलं? एक वाक्य तर होतं. ते पॉलिशच्या डब्याचं झाकण फिरवत बसले. मग म्हणाले, "अंजूबाई, आधी पेत होतो तवा मी असंच सांगत होतो. मोहफुलं येचून आलो म्हून वास येते. लटारूनं अंगावर सांडली. गाडीले लावत होतो म्हटलं असतं त पोरगी म्हनली असती, बाप तसाच हाये, बहाने बी तेच." यावर तुले काही बोलता येते का पाह्य.

त्याईनं मले बजावलं होतं, पुनमले काही सांगू नको, तिचा राग उतरला का ती आपणच इचारन. मी थांबली. अब्बा तेव्हापासून कोण्या गिऱ्हाईकाशी जोक मारत नाईत. स्पिरिट म्हणायचं असलं की शिशी उचलून हातात देतात, लेबल दाखवतात.

गाडी मी स्वतः केली. मेडिकलची स्पिरिट, सावली, मऊ फडकं, एकेक थेंब. राळ नरम होताना तिचा वास सुटते, काकू देवाजवळ जाळायच्या तसा, अन् मी दाराबाहेर जाऊन उभी राहत होती, मग पुन्हा येत होती. रेघा पॉलिशनं पुष्कळ गेल्या. ड्रायव्हरच्या बाजूनं थोड्या राह्यल्या, तिथं रंगच पातळ झाला होता, जास्त घासलं असतं तर पत्रा दिसला असता. तेवढ्या राहू दिल्या.

अन् आता ज्यासाठी लिहायले बसली ते. मागच्या आठवड्यात काकाजीले लकवा मारला. गडचिरोलीच्या दवाखान्यात हायेत, उजवी बाजू गेली, वाचा गेली. ती आपणच इचारन म्हणत होते, आता तू विचारलंस तरी त्याईले सांगता येणार नाई, म्हणून मी सांगून राह्यली. डॉक्टर म्हणते, समजते त्याईले सगळं. वॉर्डाचं दार वाजलं का ते मान वळवतात, तोंड उघडतात अन् जोर लावून श्वास सोडतात. "हाऽ". नर्सले वाटलं दम लागून राह्यला, तिनं ऑक्सिजन लावला. ते मास्क काढून टाकतात अन् पुन्हा तेच करतात, दाराकडं पाहून. मलेही दोन दिवस समजलं नाई. मग कॉलेजात तू एकदा सांगितलेलं आठवलं, तुमच्या घरी संध्याकाळी काकू दारात आडव्या उभ्या राहायच्या अन् म्हणायच्या, "हा करा." काकाजीनं हा केल्यावर, वास घेतल्यावरच आत सोडायच्या. अन् काकू रांधत असल्या तर त्या तुले पाठवायच्या. पुनम, ते दम नाई टाकून राह्यले. तू ये. काही बोलू नको, माफी-बिफी काही नको. फक्त जवळ वाक, अन् त्याईले हा करू दे.

तुझीच, दवाखान्याच्या पायरीवरून,
अंजुम