गादीची चड्डी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

बीदर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. श्रीवत्स यास नरहरमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हाताशी मोबाईल असताना मामा पोस्टानं पत्र कामून पाठवायलाय, असं तुला वाटेल. आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझी मामी स्वयंपाकघरातून अर्ध्याहून जास्त बोलणं स्वतःच उरकते. व्हॉट्सअॅपचं तर नावच काढू नकोस. मागे डॉक्टरांना पाठवायचा माझ्या मांडीवरच्या नायट्याचा फोटो चुकून घरच्या ग्रुपवर गेला आणि आमच्या विहीणबाईंनी त्याला हात जोडले. तेव्हा ही गोष्ट कागदावरच बरी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सायकल घेतली ती तूच निवडून दिलेली. आम्ही पाच-सहा जण सकाळी किल्ल्याला वळसा घालून अष्टूरच्या घुमटांपर्यंत जातो. दत्तजयंतीला गाणगापूरपर्यंत सायकलनं जायचं ठरलंय आणि मी सगळ्यांत मोठ्यानं होय म्हणून बसलोय. अडचण अशी की थोडं अंतर गेलं की बधिर होतं. पाय नव्हेत, पायांच्या मधलं. गणिताच्या मास्तराला एवढंच लिहिता येतं, उरलेलं तू गृहीत धर.

उपाय करून पाहिले. सीटवर फुगीर मऊ कव्हर चढवलं, तर त्रास वाढला. मग सिद्धलिंगप्पा टेलरकडून बर्म्युड्याला आतून कापसाची जाड गादी शिवून घेतली. ते म्हणाले की सर, हे असलं कुणासाठी शिवायलाव, तर मी तुझं नाव सांगितलं. माफ कर. ती घालून मला धड चालताही येईना.

खरं सांगतो, मला भीती वाटते. आमच्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या पायाला असाच आधी बधिरपणा आला. ते कुणाला बोलले नाहीत. मग शुगर निघाली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. त्यांची मलमपट्टी तुझ्या मामीनं, कुसुमनंच केली. तिला हे कळलं तर सायकल भंगारात जाईल आणि ती रात्र रात्र जागेल. तिला अक्षरही बोलू नकोस. तू लोकांच्या कंबरा-गुडघे सरळ करणारा फिजिओथेरपिस्ट, शिवाय स्वतः सायकलवाला. काहीतरी मार्ग काढ.

ताईला माझा नमस्कार सांग. मामावरची माया उघडी आणि तोंड बंद ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
नरहरमामा


॥ श्री ॥

कलबुर्गी
१९ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामांस श्रीवत्सचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. जाडजूड पाकीट पाहून आमच्या रिसेप्शनच्या बाईंना कोर्टाची नोटीस वाटली. तुमचं गुपित माझ्याजवळ राहील, पण सिद्धलिंगप्पांच्या दुकानावरून मी आता कोणत्या तोंडानं जाऊ, तेवढं सांगा.

आधी महत्त्वाचं. उद्याच्या उद्या रक्त तपासून घ्या, उपाशीपोटी आणि जेवणानंतर. अण्णामामांची भीती उराशी धरून पायडल मारण्यात काही अर्थ नाही. मला स्वतःला हा सीटचाच प्रकार वाटतो, कारण सायकलवर बसलं की होतं आणि उतरलं की जातं. पण माझ्या वाटण्यावर विसंबू नका.

मऊ म्हणजे आरामाचं, हे सोफ्यापुरतं खरं. सायकलवर आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवं. कव्हर फार मऊ असलं की हाडं खाली रुततात आणि मधला भाग वर येऊन दाबला जातो. तिथून नस जाते, तीच झोपते. तुमच्या कापसाच्या गादीनंही तेच केलं. मीही पहिल्या खेपेला दुकानातली सगळ्यांत जाड चड्डी उचलली होती आणि हुमनाबाद येईपर्यंत उभ्यानंच सायकल हाणत होतो.

दोन चड्ड्या बसच्या पार्सलनं पाठवतोय. त्यांची गादी बेताची, जरा टणक आहे, मधे खोलगट पन्हळ आहे आणि बरोबर मधून शिवण जात नाही. अंगाला घट्ट बसतील, घाबरू नका. सैल चड्डी घासते. गादीची रुंद बाजू मागे. आत काहीही घालायचं नाही. पुन्हा लिहितो, काहीही नाही. रोज धुवायची आणि उलटी करून उन्हात वाळवायची. सीटचं नाक वर उचललेलं असेल तर सरळ करून घ्या आणि अधूनमधून पायडलवर उभे राहा. एवढं करूनही बधिरपणा राहिला तर मुकाट्यानं डॉक्टरांकडे जायचं. तेव्हा मी तुमचं काही ऐकणार नाही.

मामीला सांगून टाका, असं माझं मत. तुमचं ऐकतो खरा, पण मनापासून नाही.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.

आपला,
श्रीवत्स


॥ श्री दत्त प्रसन्न ॥

बीदर
५ नोव्हेंबर २०२४

चि. श्रीवत्सास मामीचे खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीला आला न्हाईस, तुझ्या वाट्याच्या करंज्या डब्यात राहिल्या. अक्षर गचाळ आलंय, चालवून घे. घाईत लिहायलेय. ते सायकलवर गेलेत, यायच्या आत पाकीट पेटीत पडलं पाहिजे.

तुझ्या मामाला काहीतरी झालंय आणि ते माझ्यापासून लपवायलेत. दसऱ्याच्या आधीपासून खुर्चीत बसले की सारखी चुळबुळ करत होते. मग एक दिवस लॅबमधून फोन आला की सरांचा रिपोर्ट तयार आहे. मी विचारलं कसला रिपोर्ट, तर ते म्हणाले की शाळेच्या पेन्शनला लागतो. पेन्शनला रक्त कधीपासून लागायलंय?

आता लिहायला लाज वाटते, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू. परवा गच्चीत टाकीच्या मागं काळं काहीतरी वाळत घातलेलं दिसलं. हातात घेतलं तर आतून गादी लावलेली चड्डी. श्रीवत्स, सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत आम्ही असलंच आणत होतो. तुझ्या मामाचा लघवीवरचा ताबा गेलाय रे. इतका ताठ माणूस, लाजेपायी एकटा सोसायलाय. स्वतः धुतात, स्वतः लपवून वाळवतात. मी ती होती तशीच ठेवली आणि खाली येऊन देवापाशी रडले.

त्यांना मी काही विचारलं न्हाई. विचारलं तर ते मोडून पडतील. श्रीनाथलाही कळवलं न्हाई, पोरगा बेंगळूरहून रात्रीची गाडी धरून येईल. दत्तगुरूंना गुरुवार बोललेय, दिवसभर एका केळ्यावर राहते. तू त्यांच्याकडून काढून घे काय झालंय ते, आणि कितीही वाईट असलं तरी मला खरं कळव. माझं नाव सांगू नकोस.

तुझी माया मला पोरासारखी आहे, म्हणून हे ओझं तुझ्यावर टाकलं.

तुझी,
कुसुममामी


॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

बीदर
८ नोव्हेंबर २०२४

चि. श्रीवत्सास उत्तम आशीर्वाद. वि. वि.

शाबास! रिपोर्ट स्वच्छ, शुगर दोन्ही वेळची नेमकी. तो कागद हातात आला तेव्हा लॅबच्या पायरीवर बसून मी अण्णांना आठवलं आणि थोडा रडलोही. म्हाताऱ्या माणसानं रडू नये असं कुठं लिहिलंय?

चड्डीचं सांगतो. पहिल्या दिवशी तुझी सूचना मला अतिशयोक्ती वाटली आणि मी आतून नेहमीची घातलीच. अष्टूरपर्यंत तिच्या शिवणीनं मला सोलून काढलं. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी सगळी लाज घरी ठेवून निघालो. सीटचं नाकही खाली केलं होतं. श्रीवत्स, काय सांगू तुला! औरादच्या रस्त्यानं चांगला लांब जाऊन आलो, मुंग्या नाहीत, काही नाही. आमच्यातले आप्पाराव म्हणाले की आज सर लई जोरात जायलेत. मी नुसती घंटी वाजवली.

आता काळजी वेगळीच लागलीय. तुझ्या मामीचं काहीतरी बिनसलंय. संध्याकाळनंतर मला चहा मिळत नाही, पाणीही मोजून देते. गादीवरच्या चादरीखाली तिनं मेणकापड घातलंय, रात्रभर कुरकुर वाजतं. विचारलं तर म्हणाली की गादी जुनी झालीय, असू द्या. कुठं निघालो की आधी मोरीत जाऊन या म्हणते, मी पहिलीतलं पोर असल्यासारखं. माझ्याकडे बघते ते इतकं मायेनं की मला भ्याव वाटतं. त्यात गुरुवारी काही खात नाही. काल ओट्याला धरून उभी होती, चक्कर आली म्हणाली. या वयात डोक्यावर परिणाम होतो का रे माणसाच्या? तिला न दुखवता कसं विचारावं, ते लवकर कळव. तिच्याशिवाय माझं कसं व्हायचं, हा विचार सायकलवरही सुटत नाही.

भाच्याच्या लोभावर मामाची भिस्त आहे.

तुझा,
नरहरमामा


॥ श्री ॥

कलबुर्गी
१२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामा आणि सौ. मामी यांस श्रीवत्सचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र दोघांचं आहे. शेजारी शेजारी बसून एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. मामी, हे तुम्हाला लागू.

मामांना दिलेला शब्द आणि मामीचं मागणं, दोन्ही मी आज मोडतोय. दोन्ही पत्रं समोर ठेवून मी पोट धरून हसलो आणि मग चक्कर आल्याचं वाचून हसू पळालं. मामी, मामांना काहीही झालेलं नाही. सायकलवर बसून बसून त्यांचं बूड बधिर होत होतं. ते अण्णामामांच्या आठवणीनं घाबरले, तुम्ही घाबराल म्हणून आणखी घाबरले आणि मला पत्र लिहिलं. रक्त मी तपासायला लावलं, शुगर नाही. ती काळी चड्डी मी पाठवली. ती सायकलवाल्यांची असते, आत गादी असते. कमरेच्या पट्टीवर आतून चांगलं ठळक सायकलचं चित्र छापलंय, ते तुम्ही पाहायला हवं होतं. आणि मामा, तुमच्या चादरीखाली मेणकापड का आलं, ते आता तुम्हाला कळलं असेल. मामीचं डोकं शाबूत आहे. त्या तुमच्यासाठी उपाशी राहताहेत.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. मामी, आज पोटभर जेवा. मामा, त्यांना वाढा.

तुमच्या दोघांच्या मायेवर वाढलेला,
श्रीवत्स


॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

बीदर
६ जानेवारी २०२५

चि. श्रीवत्सास आम्हा दोघांचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण घडलंच तेवढं. तुझं पत्र आलं तेव्हा मामीला चष्मा सापडेना, म्हणून वाचायचं माझ्याकडे आलं. बुडाचं वाक्य मी गाळणार होतो, पण मास्तरकीची सवय, सगळं वाचलं. ती हसायला लागली ती फरशीवर बसूनच हसली. मग एकदम रडली आणि म्हणाली की तुमाला लाज वाटायली म्हणून मी इकडं जिवाला घोर लावून बसले, हे बरं केलाव व्हय? मी तिला ताट वाढलं.

रात्री ती आपणहून म्हणाली की ते सायकलचं चित्र तिला दिसलंच नव्हतं. डाव्या डोळ्यानं वर्षभर धुरकट आणि उजव्यानंही जेमतेम. सुईत दोरा जात नव्हता म्हणून तिनं शिलाई मशीनवर कपडा झाकून ठेवलेला, मला वाटायचं कंटाळली असेल. मी कामून बोलली न्हाईस म्हणालो, तर म्हणाली की ऑपरेशन निघालं तर तुमचं गाणगापूर राहील. माझ्या सायकलपायी ही बाई अंधारात चाचपडत स्वयंपाक करत होती. श्रीवत्स, त्या रात्री मला माझी फार लाज वाटली.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मंडळी गाणगापूरला निघाली तेव्हा मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होतो. आप्पारावांनी माझ्या नावानं पादुकांना नारळ ठेवला. मला एका क्षणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही, हे तुला मुद्दाम लिहितो. उजवा डोळा पुढच्या महिन्यात.

काल डॉक्टरांनी तिची सगळी पथ्यं सोडवली आणि आज सकाळी बऱ्याच दिवसांनी मी सायकलला निघालो. तुझी चड्डी घालून बाहेर आलो तर मामी दारातच. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली की इतके दिवस हे असं घालून अख्ख्या बीदरातून फिरायलाव व्हय, माणसं काय म्हणत असतील. मला लांब सदरा घालायला लावला. मग थांबा म्हणाली, मला पाठमोरं उभं केलं, सदरा वर धरून चड्डीची शिवण बोट लावून नीट बघितली. मी लाजून उभा. मग ती म्हणाली की काळ्यावर काळा दोरा आहे, पण मला दिसायलाय.

तुझा,
नरहरमामा