वास येते का?

३ डिसेंबर २००९
आलो एकदाचे! टीनाच्या बाबाला, जीवनला, कारखान्यात कायमची नोकरी, सोबत दोन खोल्यांचं क्वार्टर. आईने दिलेला पाण्याचा पितळी गुंड लाखांदूरहून एसटीत मांडीवर घेऊन आले. चिंचेने घासून ठेवला, काय लखलखतोय! सडक्या अंड्यांचा वास मात्र असा, की टीनाने नाक धरूनच भात खाल्ला. शेजारच्या शकुंतलाबाई लाखोळीची भाजी घेऊन आल्या. उंबऱ्यातूनच विचारलं, "वास येते का वं पोरी?" येतो म्हटलं तर बाईंचा चेहरा खुलला. माणसं भारी प्रेमळ आहेत.

८ डिसेंबर
रोज संध्याकाळी दारात कोणीतरी हजर. वास येतो का? कमी की जास्त? यांना दुसरा विषयच नाही! मी जास्त म्हटलं की बाया लेकरं उचलून सडकेपलीकडच्या टेकडीवर जातात, तासाभराने परततात. मला हसू येतं. गुंड रोज काळा पडतो, घासून घासून हात दुखले.

१५ डिसेंबर
वास गेला! आनंदाने सांगितलं तर शकुंतलाबाई मटकन खाली बसल्या. "वास नाई गेला पोरी, तुयं नाक गेलं." कारखान्याचा वायू येतोच म्हणे, नाक मरतं; गुंड काळा पडतो तोही त्यानेच. गेल्या थंडीत त्यांचे मालक धनीराम नळावर पाणी भरताना पडले ते उठलेच नाहीत. वस्तीत कोणालाच वास येत नाही. म्हणून नवीन बिऱ्हाड आलं की— आणि मला ती भाजी प्रेमाची वाटली होती.

१७ डिसेंबर
टीनाला येतो अजून. पाच वर्षांची पोर, तिला दारोदार नेतात, बिस्किटं देतात. तिचे डोळे लाल झालेत, सारख्या उलट्या. जीवन साहेबांकडे गेला. साहेबांनी खिडकीशी जाऊन नाक ओढलं, म्हणाले, कुठे आहे वास? साहेब इथले जुनेच.

१९ डिसेंबर
माहेरी जायला बॅग भरली होती. शकुंतलाबाईंनी पाय धरले. टीनाले नेऊ नको, आमच्या लेकरायनं कोणाच्या भरोशावर झोपावं? नवीन बिऱ्हाड येतपर्यंत थांब. थांबले. काय करून बसले मी? फार भीती वाटते.

२० डिसेंबर, संध्याकाळ
धुकं खाली उतरलंय. जीवन ड्यूटीवर. टीनाला अंगणात उभं केलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. नाही येत, म्हणाली. हसून म्हणाली. बायांनी लेकरं आत नेली, दारं लावली. मलाही बरं वाटलं. टीना लगेच झोपली—

गुंड आत्ताच घासला. हात ओले आहेत अजून. गुंडाचा काठ काळा— आता गळाही—

टीना उठत नाही. ओरडते आहे, आवाज निघत— सगळी दारं बंद. पोरीच्या शब्दावर झोपलेत सगळे— टीना, ऊठ बाळा, सांग त्यांना, वास ये—