सुपाशिवाय बसणारा माणूस

बाबा, तू मला ‘साहेब’ म्हणालास, त्या दुपारी माझं सगळं बदललं.

ही इमारत आधी भातगिरण होती, असं तूच सांगायचास. गिरण बंद पडली आणि विडीवाले आले. लांबलचक खोलीत सगळे मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायचे, तुझ्या एकट्याच्या मांडीवर पेपर. तू मोठ्यानं वाचायचास आणि तुझ्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. लहानपणी मला त्याचा केवढा तोरा! पण कॉलेजात गेलो आणि वर्गातल्या एका मुलीला सांगून बसलो, माझे वडील तिथं मॅनेजर आहेत. ती नवीन पनवेलची, बाप बँकेत. म्हणाली, बघायचाच आहे मला तुमचा कारखाना.

आम्ही दारात उभे आहोत. तू आपटा गावच्या पुराची बातमी वाचतोयस. ती विचारते, “हे कोण रे? यांच्याकडेच सूप नाही?” मी म्हणतो, “असेल कुणीतरी कामगार.” तुझा आवाज थांबतो. शेजारची मावशी सूप खाली ठेवून उठतेच, “आरं, सोताच्या बापाला वलकत नाय काय—” तू पेपराची घडी घालतोस. “गप गो. साहेब हायत ते. या साहेब, जपून या, तंबाकू उडतंय.”

एसटी स्टँडवर ती एवढंच म्हणाली, “नाक सेम आहे रे तुमचं.” मी चारचौघांत तिच्यावर ओरडलो. ती पुन्हा बोलली नाही, म्हणून मी कॉलेजच सोडलं, आणि खापर मनातल्या मनात तुझ्यावर फोडलं. तू दुसऱ्या दिवसापासून सूप घेऊन बसायला लागलास. कुणी वाच म्हटलं की म्हणायचास, “डोलं गेलं माजं.” घरी तांदळातले खडे मात्र चष्म्याशिवाय वेचायचास. तू जाईपर्यंत मी त्यावर एक शब्द काढला नाही.

आता इथं न्हावा शेवा बंदराच्या मालाचं गोदाम होतंय. मी त्या गोदामवाल्यांकडेच कामाला आहे. तू टेकून बसायचास तिथं भिंतीवर तुझ्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून होता. सकाळी चुना मारणाऱ्याला म्हटलं, तेवढं राहू दे. मालकानं विचारलं, “का रे, तुझं कोण होतं का इथं?”

मी म्हटलं, “नाही.”

हे पत्र पाठवायचं तर पत्ता याच इमारतीचा घालावा लागेल. तो डागही चुन्याखाली गेला; भिंत अजून ओली आहे. हा कागद खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.