माझं सुतक सांगून पोरीला अडवू नये

मी, मालनबाई सर्जेराव गावडे, राहणार केंदूर, तालुका शिरूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण "म्हातारी भ्रमिष्ट झाली होती" असं माझा मुलगा सत्यजीत म्हणणार, याची मला खात्री आहे.

सत्यजीत आणि सून सायली वेगळे राहतात. नात राजनंदिनी आमच्याकडे असते. तिला दर शनिवारी शिरूरच्या एसटी स्टँडवर आईच्या ताब्यात द्यावे, असा कोर्टाचा हुकूम आहे. सत्यजीत तो पाळत नाही. शनिवार आला की भावकीत कुणीतरी गेलेलं असतंच. "आई, सुतक हाय. सुतकात पोर दुसऱ्याच्या उंबऱ्याला कशी धाडायची?" त्याच सुतकात तो रांजणगावला कंपनीत पाळीवर जातो आणि कँटीनमध्ये पोटभर जेवतो.

सायली हुकूम घेऊन ठाण्यावर गेली, तर पोलीस घरचं भांडण घरात मिटवा म्हणाले. मग तिने हुकूम मोडल्याचा अर्ज दिला. जज्जबाईंनी सत्यजीतला विचारलं, "तुमच्या भावकीत माणसं शनिवार बघूनच मरतात का?" तंबी मिळाली. तरी पुढच्या शनिवारी एक चुलता गेला. त्या चुलत्याला मी नंतर बाजारात कांदे निवडताना पाहिलं.

परवा राजनंदिनीने मला विचारलं, "आज्जी, मी आईकडं निघाले का आपल्यातलं कुणीतरी मरतंच का गं?" म्हणून हे लिहिते आहे.

कलम १. मला माहेरहून मिळालेली विहिरीजवळची जमीन राजनंदिनीची. ती सज्ञान होईपर्यंत सायलीने बघावी. कुठल्याही कागदावर माझा अंगठा दिसला तर तो खोटा समजावा. मला सही येते.

कलम २. माझ्या नावचे राहते घर सत्यजीतला, पण माझ्यामागे त्याने हुकूम पाळला तरच. एकदाही मोडला तर घरही राजनंदिनीचे. पाळला की नाही हे सायलीला विचारावे, त्याला नाही.

कलम ३. शिलाई मशीन सायलीला. पितळी हंडा जाऊबाई गिताबाईंना देऊ नये. नेला असेल तर परत आणावा. सुतकाच्या बातम्या त्याच पुरवतात, असा माझा वहीम आहे.

कलम ४. या पत्राची अंमलबजावणी माझा भाऊ भिमाजी याने करावी. पत्र दौंडला त्याच्याकडेच राहील. इथल्या कपाटाची दुसरी किल्ली सत्यजीतने करून घेतली आहे. सावडायच्या दिवशी भावकीपुढे हे मोठ्याने वाचावे.

कलम ५. दहाव्याला पिंडाला कावळा शिवणार नाही. लोक विचारतील, म्हातारीचा जीव कशात अडकला? जमिनीचं, दागिन्यांचं नाव घेऊ नये. सत्यजीत हात जोडून म्हणेल, "आई, पोरीला धाडतो." त्यावर माझा विश्वास नाही. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवून मोकळं होऊ नये, हे भटजींनाही सांगून ठेवा. सायलीला घाटावर बोलवा, पोरीचा हात तिच्या हातात द्या, दोघींना शिरूरच्या गाडीत बसवा. मग कावळ्याची वाट बघा.

आणि गाडी सुटायच्या आधी राजनंदिनीला कुणीतरी जवळ घेऊन सांगा, आजी म्हातारी होती म्हणून गेली. तू आईकडं निघालीस म्हणून नाही.

लिहून ठेवणार (सही): मालनबाई सर्जेराव गावडे

त्यांनी आमच्यासमोर वाचून सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार: १. दत्ता बबन शेळके २. करुणा विलास जाधव

शिरूर, दि. ११ फेब्रुवारी २०२५