घाटरस्त्याचं कुलूप

बाबा,

तुम्हाला न उठवताच निघाले. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

ट्रकच्या खेळातला तुमचा घाटरस्ता अपडेटनंतर बंद झाला, उघडायला आता पैसे मागतात. काल जेवताना तुम्ही चिडलात, "विकत घेतलेल्या खेळाला पुन्हा कुलूप? कुठल्या शहाण्याचं डोकं हे?" मी ताटात बघत म्हणाले, "सर्व्हरचा घोटाळा असेल."

बाबा, नाव दुसऱ्या कंपनीचं असलं तरी तो खेळ आमच्याच ऑफिसात बनतो. कुलूप मी लावलं. गुडघ्यांपायी बस चालवणं सुटल्यावर तुम्हाला तेवढाच रस्ता उरला होता, हे माहीत असूनही साहेबांपुढे हूं की चूं केलं नाही.

आज त्यांच्याशी बोलणार आहे. ऐकतील असं वाटत नाही.

गोळ्या टेबलावर आहेत. संध्याकाळी लवकर येते. तेव्हा काय वाट्टेल ते बोला, पण बोला.

तुमची धाकटी