अर्जदाराचे मॉड्यूल पाथरीच्या बाजारात काढून मिळणेबाबत

दिनांक : १९ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग,
परभणी.

अर्जदार : दत्तराव सटवाजी गडदे, वय ४६, धंदा मेंढीपालन, रा. पेडगाव, ता. जि. परभणी.
विरुद्ध पक्ष : शिवकांत रेवणप्पा एकलारे, वाहन दुरुस्ती वर्कशॉप, पाथरी.

विषय : अर्जदाराच्या पिकअपमधील चांगले बॉडी कंट्रोल मॉड्यूल विरुद्ध पक्षाच्या गाडीतून, विरुद्ध पक्षाच्याच हाताने, भर बाजारात काढून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराची दि. २३ जून २०२५ ची तक्रार व दि. ८ सप्टेंबर २०२५ ची तडजोड बैठक.

महोदय,

संदर्भीय बैठकीत विरुद्ध पक्षाने कंपनीचे नवे मॉड्यूल खोक्यासह टेबलावर ठेवले व "घ्या आणि मिटवा" असे म्हटले. अर्जदार ते न घेता उठून आला. तो चारचौघांत बोलणारा माणूस नाही, मेंढरांमागे उभा जन्म गेला आहे. त्यामुळे तेथे जे बोलायचे राहिले ते तो खालीलप्रमाणे सादर करीत आहे.

१. गेल्या एप्रिलमध्ये अर्जदाराच्या पिकअपचा डाव्या बाजूचा इंडिकेटर लागेना, म्हणून त्याने गाडी विरुद्ध पक्षाकडे नेली. शिवकांत यांनी स्टिअरिंगखालची तळहाताएवढी काळी डबी, म्हणजेच हे मॉड्यूल, काढून दाखवली. गाडीचे हॉर्न, दिवे, वायपर, काचा आणि दारांची कुलपे याच डबीच्या हुकमात चालतात, असे त्यांनी समजावले. "मामा, हीच गेलीय. नवी टाकून देतो," असे ते म्हणाले. अर्जदाराने विश्वास ठेवला. गाडी दोन दिवस तेथे राहिली. इंडिकेटर लागू लागला. जुनी डबी मागितली असता "ती कंपनीला परत जाते" असे उत्तर मिळाले.

२. दि. १२ मे रोजी, बकरी ईद जवळ आल्याने, अर्जदार बोकड विकण्यासाठी पाथरीच्या बाजारात गेला. सोबत त्याची आई कासाबाई, वय ७४, होती. आठवड्याची दोन करडे मागे तुडवली जातील म्हणून ती मांडीवर घेऊन आई पुढे केबिनमध्ये बसली होती. अर्जदार चावी गाडीतच ठेवून मागचा फाळका सोडायला उतरला, तोच दोन्ही दारांची कुलपे आपोआप पडली आणि हॉर्न सुरू झाला. काचा वर होत्या व खाली येईनात. आईने आतला खटका ओढला की कुलूप उघडे आणि दार ढकलायच्या आत पुन्हा पडे. वेळ दुपारी साडेबाराची होती.

३. हॉर्न थांबेना. म्हातारी मुद्दाम वाजवते आहे असे समजून बाजारातले लोक हसू लागले. एकाने मोबाइलवर चित्रीकरण केले. अर्जदाराने काच फोडायला दगड उचलला, परंतु आधी विरुद्ध पक्षास फोन केला. विरुद्ध पक्षाचे वर्कशॉप तेथून हाकेच्या अंतरावर होते. ते आले नाहीत. ते म्हणाले, "काच फोडू नका, वॉरंटी जाईल. थोडं थांबा, आपोआप उघडंल."

४. अर्जदार थांबला. ही बाब त्याने मूळ तक्रारीत लिहिली नव्हती, ती आता लिहीत आहे. हातात दगड असताना, आई आतून काचेवर तळहात मारत असताना, एका मेकॅनिकच्या शब्दावर तो अकरा मिनिटे थांबला. फोनच्या नोंदीवरून मिनिटे काढली आहेत. आईचा हात काचेवरून घसरला, तेव्हा त्याने काच फोडली. दोन्ही करडे मेलेली होती. आई तीन दिवस सरकारी दवाखान्यात होती.

५. आई वाचली. मात्र आता ती कोणत्याही गाडीत बसत नाही, एसटीतही नाही. घराचे दार लावू देत नाही. नहाणीत जाते तेव्हा सून बाहेर दार धरून उभी असते. जी बाई पूर्वी येलदरीपर्यंत मेंढरे चारत एकटी जाई, ती आता उंबऱ्याच्या आत फार वेळ थांबत नाही. "दत्ता, दार उघडं हाय का?" एवढे ती दिवसातून पन्नास वेळा विचारते. अर्जदार प्रत्येक वेळी "हाय, आई" म्हणतो आणि प्रत्येक वेळी त्याला शिवकांत यांचा चेहरा आठवतो.

६. जूनमध्ये अर्जदाराने गाडी ओढत मानवतला सूर्यभान मिस्त्री यांच्याकडे नेली. त्यांनी डबीला मशीन लावले. डबी दुसऱ्या गाडीत घातली तरी चावी नव्याने जुळवता येते, पण डबीच्या पोटात पहिल्या गाडीचा चेसिस नंबर राहून जातो, असे त्यांनी सांगितले. मशीनवर आलेला नंबर अर्जदाराच्या गाडीचा नव्हता. डबी उघडली असता आत गाळ वाळलेला होता. नंबरवरून शोध घेता तो शिवकांत यांच्या स्वतःच्या पिकअपचा निघाला. ती गाडी गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात पुराच्या पाण्यात उभी होती, हे पाथरीत सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे अर्जदाराची चांगली डबी त्यांनी आपल्या गाडीत घातली आणि आपली भिजलेली डबी धुऊनपुसून नवी म्हणून अर्जदारास दिली. इंडिकेटरची तार उंदराने कुरतडलेली व नंतर जोडलेली सापडली, एवढेच मूळ दुखणे होते.

७. विरुद्ध पक्षाने बैठकीत हे सर्व नाकारले व सूर्यभान मिस्त्री धंद्यातील वैरी असल्याचे सांगितले. त्यानंतर तीन दिवसांनी विरुद्ध पक्षाचे वडील रेवणप्पा एकलारे, वय ७१, प्रवासी जीपने एकटेच पेडगावला आले. मुलाच्या गाडीत बसून येण्याची त्यांना लाज वाटली. ते अंगणात आईसमोर जमिनीवर बसले. आईने सुनेकडून त्यांच्यासाठी चहा करवला. ते म्हणाले, "बाई, तुमची डबी आमच्याच गाडीत हाय. पोरगं घरात बोललं तवा म्या ऐकलं. लिहून घ्या, सही करतो."

आई म्हणाली, "अप्पा, तुमच्यावर माझा राग न्हाई. पर त्याला माझ्या दारात आणू नका."

अर्जदाराने जबाब लिहिला आणि रेवणप्पांनी चष्मा लावून, प्रत्येक ओळ वाचून सही केली. मुलाविरुद्ध बापाची सही होताना पाहून अर्जदारास बरे वाटले. आयोगासमोर ते लपवण्यात अर्थ नाही.

८. जाताना रेवणप्पांनी सहज सांगितले की, त्यांना दर मंगळवारी व शुक्रवारी डायलिसिससाठी परभणीला यावे लागते आणि मुलगा त्याच पिकअपमधून आणतो. अर्जदाराने विचारले, "मग डबी काढली तर?" ते म्हणाले, "काढा. मी जीपनं जाईन." सुया टोचून काळा पडलेला त्यांचा हात अर्जदाराने पाहिला. तरीही त्याचा विचार बदललेला नाही.

सबब विनंती की,

अ) अर्जदारास नवे मॉड्यूल नको व नुकसानभरपाईही नको. त्याचे स्वतःचे मॉड्यूल विरुद्ध पक्षाने बाजाराच्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, त्याच जागी, स्वतःच्या हाताने काढून द्यावे.

आ) ते काढण्यापूर्वी त्यांनी आपल्या केबिनमध्ये काचा वर करून अकरा मिनिटे बसावे व हॉर्न वाजवत राहावे. असा आदेश कायद्यात बसत नाही, असे अर्जदारास वकिलांनी सांगितले आहे. तरीही विनंती नोंदवून घ्यावी व विरुद्ध पक्षास वाचून दाखवावी.

इ) त्यांची गाडी बंद पडल्यावर रेवणप्पांना दर मंगळवारी व शुक्रवारी पाथरीहून परभणीला नेण्याआणण्याचे काम अर्जदार स्वतःच्या पिकअपने, विनामोबदला करील. अप्पा पुढे बसतील. शिवकांत यांना त्या गाडीत चढू देण्यात येणार नाही. बापाला दुसऱ्याच्या गाडीत बसवून देऊन त्यांनी रस्त्यावर उभे राहावे आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहावे. हे आठवड्यातून दोनदा, अप्पांच्या हयातीपर्यंत चालेल.

तडजोडीसाठी अर्जदारास पुन्हा बोलावू नये.

आयोगापुढे नम्र, विरुद्ध पक्षापुढे नाही,

दत्तराव सटवाजी गडदे

सोबत :
१. विरुद्ध पक्षाचे एप्रिलचे बिल, त्यावर "नवीन" असे लिहिलेले.
२. सूर्यभान मिस्त्री यांच्या मशीनवरील चेसिस नंबरचा फोटो.
३. दि. १२ मे रोजीच्या फोनची नोंद.
४. आईच्या दवाखान्याची कागदपत्रे.
५. रेवणप्पा एकलारे यांचा सही केलेला जबाब.