चंद्राचं घड्याळ आणि एक केबल

सोमवार, ४ मार्च
लॅबचा एसी बंद. आम्ही बनवलेलं नवं अणुघड्याळ रुसून बसलं! वायरिंगवाले काका रजेवर, म्हणून मीच लॅबच्या मोठ्या, प्रमाण घड्याळाची केबल त्याला टेकूसारखी लावली. तासाभरात चालायला लागलं. तेवढ्यात आईचा फोन — डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला आजच बोलावलंय. तशीच पळाले. तिला मोतीबिंदू निघाला.

मंगळवार, २ एप्रिल
निधी मिळाला!! चंद्राभोवती फिरून यानांना वाट दाखवणाऱ्या उपग्रहात आमचं घड्याळ बसणार! सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तरी यानाचा पत्ता फूटभर चुकतो. निधी देणाऱ्या समितीच्या बाई म्हणाल्या, "मार्चचा आलेख बघून आम्ही थक्कच झालो. चूक जवळजवळ शून्य!" साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. बाबा म्हणतात, "चंद्राचं राहू दे, आधी स्वयंपाकघरातलं घड्याळ बघ. वीस मिनिटं मागे आहे."

शुक्रवार, ५ एप्रिल
मोठा घोटाळा झालाय.
पेन रॅकमागे पडलं म्हणून वाकले, तर केबल! टेकूची केबल अजून तिथेच! घड्याळ चालू झालं की ती काढायची असते. नाहीतर आमचं घड्याळ मोठ्याचं बोट धरून चालतं. आणि आम्ही ते त्याच मोठ्याशी ताडून बघत होतो! ज्याची वही बघून उतरवलं, त्याच्याच वहीशी उत्तरं जुळवली. चूक शून्य येणार नाही तर काय!
कधीपासून? कामाच्या नोंदवहीत काहीच नाही.
साहेबांना सांगितलं. ते उठून रॅकमागे बघून आले. मग विचारलं, "केबली कोण बघतं?"
"काका."
किती पटकन निघालं तोंडातून.

सोमवार, ८ एप्रिल
काकांना घरी बसवलं! बावीस वर्षं या लॅबमध्ये काढली त्यांनी. मला वाटलं होतं, भांडतील. तर म्हणाले, "असेल माझ्याकडूनच, पोरी. हल्ली मागे वाकायला जमत नाही." चष्मा पुसला, डबा उचलला, गेले.
साहेबांनी समितीला सगळं कळवलं होतं, दुपारी त्यांचा निरोप आला. केबल कोणत्या दिवशी लागली ते पुराव्यासकट कळवा, त्याआधीची अकरा महिन्यांची मोजणी खरी धरू, निधीही राहील. नाहीतर सगळंच रद्द. बुधवारपर्यंत मुदत.
साहेबांनी काकांना फोन केला. काका म्हणाले, "आठवत नाही हो साहेब." साहेब चिडले. मलाही रागच आला. एवढं कसं आठवत नाही माणसाला!

मंगळवार, ९ एप्रिल
शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना आईच्या पहिल्या तपासणीची तारीख हवी होती. म्हणून ही वही मागे चाळली.
४ मार्च.
दोनदा वाचलं. अक्षर माझंच. काका त्या दिवशी आलेच नव्हते.
समितीला हवा तो पुरावा मिळाला. उद्या ही वही साहेबांच्या टेबलावर ठेवायची. पण आधी काकांकडे जायचंय. त्यांच्या दाराची बेल वाजवायची कशी?